पिवळं जाकीट

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ पेन तसंच धरून बसले होते. खोडावं असं मनात आलं. मग वाटलं, खोटं तर नाहीये ते, राहू दे. पण पुढचं सगळं मी रागानं लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. सहलीहून येऊन आठवडा होत आला तरी राग उतरत नाही. परवा औषधांच्या दुकानात एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसले. मालक म्हणाले, “बाई, पित्त झालंय का? त्यावरची गोळी आपल्याकडेच आहे.” सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी आत जाऊन खोक्यांच्या रांगेमागे दात आवळून उभी राहिले. समोरासमोर बोलायचं म्हटलं तर तुमच्यापुढे माझं वाक्य कधी पूर्ण झालंय? मी अर्ध्यावर येते आणि तुम्ही गिअर बदलता. म्हणून कागदावर.

काल दादाचा फोन आला होता. “काय तपासनीसबाई, उतरला का फुगा?” असं म्हणून सुरुवात. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मग त्याच्या तोंडून ऐकलं. मी गाडीत किंचाळले, तुमचं लक्ष उडालं, ती सायकलवाली घाबरून पडली, तुम्ही मला दोन शब्द बोललात आणि मी रुसून त्याच्या लेकीला काखोटीला मारून बसनं निघून आले. छान रचलीत गोष्ट. त्यात मी आहे तशीच आहे: भित्री, संशयी, गॅस तीनदा बंद करून बघणारी. त्यामुळे कुणालाही पटण्यासारखी आहे. मग जाता जाता दादा म्हणाला, येत्या रविवारी बाबा चिंगीला तळ्यावर पक्षी दाखवायला घेऊन चाललेत, दोघंच, आजोबा आणि नात. दादा खूश, वहिनी खूश, चिंगी तर पिशवी भरून तयार. हा रविवार होता कामा नये, बाबा. त्यासाठी मला बोलायलाच हवं, मग तुम्हाला कितीही झोंबलं तरी.

आधी तुमच्याकडून काय घेतलं ते सांगते. अन्याय करायचा नाहीये मला. शाळेत जायच्या आधीपासून तुम्ही मला शिकवलंत, आणि पाटीवर कमी, गाडीतच जास्त. अर्ध्या गावाला गाडी शिकवणारे मास्तर तुम्ही. तुमच्या त्या दोन ब्रेकांच्या गाडीतून शिकलेले लोक अजूनही रस्त्यात थांबून तुम्हाला वाकून नमस्कार करतात. सुट्टीत तुम्ही आम्हाला रानात न्यायचात आणि त्या दिवशी गाडीत आपली वेगळीच रीत असायची. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, प्राणी आवाजाला पळतात. ज्याला काही दिसेल त्यानं मागून तुमच्या खांद्यावर थाप द्यायची. डावीकडे असेल तर डाव्या, उजवीकडे असेल तर उजव्या. तुम्ही गाडी हळूच उभी करायचात आणि सगळे त्या बाजूला बघायचे. आणि दुसरी रीत, परत निघताना. ज्यानं जे पाहिलं ते सांगायचं, पण पाहिलं असेल तेवढंच. “दिसलं” म्हणायचं असेल तर कान कसे होते, तोंड कुठे होतं, ऊन अंगावर होतं की सावली, सगळं सांगता आलं पाहिजे. नाहीतर “असावं” म्हणायचं. दादानं एकदा बिबट्या पाहिला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही त्याला शांतपणे एकेक प्रश्न विचारत गेलात आणि शेवटी तो बिचारा म्हणाला, “असावा.” पुढे कित्येक वर्षं मी त्याला ‘असावा बिबट्या’ म्हणून चिडवायचे. तुम्हीही हसायचात. “वाटलं आणि पाहिलं यात माणूस ओळखू येतो,” असं तुमचं वाक्य. आज औषधाची बाटली तीनतीनदा वाचून मगच मी ती माणसाच्या हातात देते, ती माझी भीती आहे असं सगळ्यांना वाटतं. ती तुमची शिकवण आहे.

म्हणून तर एवढा राग आलाय. दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर एवढा आला नसता.

यावेळी निघालो तेव्हा मी खरंच आनंदात होते. दादा-वहिनीला सुट्टी नव्हती म्हणून चिंगी आपल्याबरोबर आली, मागच्या सीटवर माझ्या शेजारी, गुडघे टेकून, नाक काचेला लावून. आई पुढे, तुमच्या बाजूला. नेहमीसारखीच ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. आईला गाडीत भीती वाटते, ती मनातल्या मनात काहीतरी म्हणत बसते, यावरून गेलं वर्षभर आपण तिची किती थट्टा केली. या खेपेलाही मी चिंगीला म्हटलं, “आजीची गाडी सुरू झाली बघ.” चिंगी खिदळली. आई हसली नाही. तुम्हीही हसला नाहीत, हे मला आत्ता आठवतंय.

टेकड्या सुरू झाल्या आणि दोन्ही बाजूंना गवत उभं राहिलं, माणसाच्या छातीएवढं, पिकून पिवळं झालेलं. वारा आला की सगळी टेकडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखी वाटायची. खाली दरीत धुकं अडकलं होतं आणि त्याच्यावर एक गरुड पंख न हलवता तरंगत होता. मी उजव्या खांद्यावर थाप दिली. तुम्ही थांबलात, बघितलंत, म्हणालात, “वा.” पुढे हरणांचा कळप दिसला, डावीकडे, अगदी रस्त्याच्या कडेला. थाप. “वा.” एक पाडस आईच्या पोटाखालून डोकावत होतं. चिंगी तोंडावर हात दाबून नुसती थरथरत होती, ओरडायचं नाही म्हणून. मला वाटलं, बघा, आपलं बालपण जसंच्या तसं हिच्या वाट्याला आलं. तुम्ही त्या पाडसाबद्दल काहीच बोलला नाहीत, एवढंच जरा चुकल्यासारखं वाटलं. एरवी तुम्ही त्याचं वय सांगितलं असतंत.

दुपारी तो सरळ रस्ता लागला. आई दमली होती, तिचा डोळा लागला होता आणि तिचं पुटपुटणं थांबलं होतं. मी चिंगीच्या बुटाची नाडी बांधत होते. मान वर केली तर समोर ती बाई. रोपवाटिकेत काम करणारी. सायकलच्या मागे रोपांचा ट्रे बांधलेला, आणि अंगात वनखात्यानं दिलेलं पिवळं जाकीट, उन्हात नुसतं पेटल्यासारखं. रस्त्याच्या कडेनं, आपण चाललो होतो त्याच दिशेनं, सावकाश चालली होती. मला वाटलं, आता तुम्ही गाडी बाजूला घ्याल. आता घ्याल. तुम्ही घेतली नाहीत. तुम्ही थेट तिच्याकडे बघत होतात, बाबा, आणि गाडी सरळ तिच्या पाठीवर चालली होती. तेव्हा मी किंचाळले. आपल्या गाडीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं. ब्रेक लागला, पण सायकलच्या मागच्या चाकाला धक्का बसलाच. ती खड्ड्यात पडली. कोपर सोलवटलं, चाक वाकडं झालं आणि रोपं सगळीकडे विखुरली.

यापुढचं तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही खाली उतरलात आणि तिला म्हणालात, “डोळे कुठे आहेत तुझे? रस्त्याच्या मधून सायकल चालवतात का?” ती चिखलात बसून तुमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चुकलं, साहेब.” तिचं चुकलं! मी तिला उठवायला गेले तर ती मलाच सांगायला लागली, “ताई, राहू दे, तुमचे कपडे खराब होतील.” चिंगी एकेक रोप उचलून ट्रेमध्ये ठेवत होती. आणि तुम्ही गाडीला टेकून तिला धडा देत होतात, रस्त्यावर येताना उठून दिसेल असं काहीतरी अंगावर घालावं म्हणून. माझ्या हातात त्या वेळी तिच्या जाकिटाची बाही होती. एवढं पिवळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चेष्टा करत नव्हतात. तुम्हाला खरंच ते दिसलेलं नव्हतं.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तुम्ही खानसाम्याला सगळं रंगवून सांगितलंत. “माझा ब्रेक म्हणून वाचली बरं का. इतक्या वर्षांचा हात आहे.” तो बिचारा मान डोलावत होता. आई भाजी चिरायला मदत करते म्हणून उठून आत गेली. मी तिथंच बसून तुमच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते बरं नव्हतं. तरी केलं, आणि पुन्हा करेन. दरीच्या वळणावर डावीकडे नुसता उघडा डोंगर होता. झाड नाही, झुडूप नाही, खडक आणि ऊन. मी तुमच्या डाव्या खांद्यावर थाप दिली. तुम्ही गाडी थांबवलीत. त्या डोंगराकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, “वा. नर आहे. शिंगं बघा केवढी.” चिंगी काचेला चिकटली, “आजोबा, कुठंय? कुठंय पण?” तुम्ही म्हणालात, “हलू नकोस, बुजेल तो. तो बघ, त्या खडकामागे. गेला बघ, गेला.” चिंगीचे डोळे भरून आले. तिला काहीच दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं. आणि तुम्ही तिला म्हणालात, “बघायला शिकायला लागतं, बाळा. सगळ्यांना नाही दिसत.” थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, “हो आजोबा, दिसला. मोठी शिंगं होती.” तुम्ही तिला म्हणालात, “शाब्बास.”

बाबा, दादाच्या बिबट्याला तुम्ही ‘असावा’ म्हणायला लावलं होतंत. त्याच्या लेकीला तुम्ही नसलेली शिंगं मोजायला शिकवलंत. सायकलचं चाक सरळ करता येतं, कोपर भरून येतं. हे कसं भरून यायचं, ते मला कळत नाही.

आईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं होतं. तिला कळलं की मला कळलं. चहाला थांबलो, तुम्ही चिंगीला घेऊन नळावर गेलात, तेव्हा तिनं सांगितलं. गेल्या वर्षीच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजरेच्या ऐन मधोमध डाग पडलाय, कडेकडेचं दिसतं आणि ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. गाडी चालवायची नाही, हेही डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. तुम्ही तिला शपथ घातलीत. आणि ते पुटपुटणं! “ट्रक आहे. खड्डा. वळण, उजवीकडे. लाल दिवा. म्हातारा ओलांडतोय.” वर्षभर ती तुम्हाला रस्ता सांगत होती, ओठांतल्या ओठांत, आणि आम्ही तिला भित्री म्हणून हसत होतो. तुम्हीही आमच्याबरोबर हसत होतात. आमच्या थापांनी तर तुमचं काम आणखी सोपं केलं. बाजू आम्ही सांगायची, “वा” तुम्ही म्हणायचं. मी तिला विचारलं, “आई, तू चालत्या गाडीत झोपलीस कशी गं?” विचारलं आणि जीभ चावली. ती म्हणाली, “वर्षभर डोळे ताणून बसलेय गं. एकदाच मिटले.”

मग मी तुमच्याकडे किल्ली मागितली. तुम्हीच मला गाडी शिकवलीत, लायसन्स आहे, गावातून मी रोज मालकांची गाडी आणते-नेते. तुम्ही हसलात. “बाईसाहेब, हा घाट आहे. इथं हात लागतो.” मी म्हटलं, “डोळे लागतात, बाबा.” ते वाक्य तेवढं पूर्ण झालं माझं. तुमचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. तुम्ही गाडीत बसलात आणि इंजिन चालू केलंत. मी चिंगीला उतरवून घेतलं. आईला म्हटलं, तूही उतर. ती एक पाय बाहेर ठेवून थांबली, मग तो आत घेतला. “मी नाही बसले तर यांना कोण सांगणार?” असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं. बसच्या वाटेवर रोपवाटिकेचं फाटक लागलं. मी आत जाऊन त्या बाईला शोधलं आणि सांगितलं की चूक तिची नव्हती. ती हसली. “नाही हो ताई, साहेबांनी ब्रेक दाबला म्हणून वाचले. हात जोडले म्हणून सांगा त्यांना.” तुमचे आभार मानत होती ती. निरोप पोचवला. आता तुम्हीच बघा त्याचं काय करायचं ते.

तुमची नजर गेली याचा राग नाही, बाबा. कुणाचे गुडघे जातात, कुणाचे कान जातात. तुम्ही नुसतं “मला दिसत नाही” म्हणाला असतात, तर मी नोकरी सोडून तुम्हाला गावभर फिरवलं असतं आणि रानात पाडसाच्या कानांवरचे केससुद्धा तुम्हाला सांगितले असते. पण तुम्ही आईचे डोळे चोरून वापरलेत, त्या बाईला डोळे नाहीत म्हणालात, चिंगीला खोटं बघायला लावलंत आणि शेवटी सगळं माझ्या किंचाळण्यावर ढकललंत. याचा राग येतो.

फोन केला असता तर तुम्ही “बरं बरं” म्हणून ठेवला असतात. दादाला मीच सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, रुसलीय, वाट्टेल ते बोलते. म्हणून पत्र. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे, आणि नेमकं म्हणूनच मी ते लिहिलंय. आईला मी आधीच फोनवर विचारलं. ती म्हणाली, “मला नको सांगूस वाचून दाखवायला. नाही दाखवणार मी.” तेव्हा आत काय आहे ते कळायला हवं असेल, तर तुम्हाला हा कागद दादाच्या किंवा वहिनीच्या हातात द्यावा लागेल आणि म्हणावं लागेल, “वाचून दाखव, मला दिसत नाही.” मी तुमच्याकडे मागतेय ते हे एवढंच वाक्य. रविवारच्या आत. तसंच ठेवून दिलंत तर शनिवारी मी येईन आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचेन, पण माझ्या तोंडून ते निघू नये असं मला फार वाटतं. आणि दादा, वहिनी, तुमच्यापैकी जो कोणी हे आत्ता वाचतोय, त्याला सांगते: याचा अर्थ बाबांनी ते वाक्य म्हटलं. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे मला इथं बसूनही कळतंय. लगेच प्रश्न विचारू नका. आधी त्यांना पाणी द्या.

तुमचीच,
तपासनीस